खर्जातली सोपी गाणी

बेस गिटारवरचे सोपे गाणे म्हणजे नवशिक्याला पहिल्या स्वरापासून शेवटच्या स्वरापर्यंत, मध्ये न थांबता वाजवता येणारे गाणे. स्वर किती, पडदे किती, बोटे किती लागतात हे प्रश्न नंतरचे. व्याख्या दिसायला साधी आहे, पण ती पाळणारा विरळा. शिकणारा आपल्या आवडीचे गाणे निवडतो, शिकवणारा स्वतःला येते ते निवडतो, आणि घरच्यांना ओळखू येईल असे काहीतरी हवे असते. या तिन्ही गरजा एकाच गाण्यात भागल्याचे कोणाच्या ऐकिवात नाही.

गाण्याआधी वाद्य. बेस गिटारला चार तारा असतात: जाडीकडून बारकीकडे ई, ए, डी आणि जी. पेटी असलेल्या घरात हेच पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन आणि पांढरी पाच असे सांगितले की चटकन कळते. सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते, म्हणजे साध्या गिटारच्या सर्वांत खालच्या तारेच्याही एक सप्तक खाली. तंबोऱ्यालाही सहसा चारच तारा आणि त्यातलीही एक खर्जाची. फरक इतकाच की तंबोरा छेडणाऱ्याला कोणी ‘एखादं गाणं वाजवून दाखव’ म्हणत नाही. आज दिसते त्या रूपातले हे वाद्य लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये ‘प्रिसिजन बेस’ या नावाने बाजारात आणले. त्याआधी खालचे स्वर माणसाहून उंच अशा डबल बेसवर काढावे लागत, आणि त्याला पडदे नसल्याने बोट नेमके कुठे टेकायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे. पडदे आले, अचूकता आली, म्हणून ‘प्रिसिजन’. नवशिक्याचा पहिला आठवडा ऐकल्यावर हे नाव किती आशेने ठेवले असावे ते लक्षात येते.

तारेची लांबी ३४ इंच. तिच्यावर पहिला पडदा जवळजवळ पाच सेंटिमीटरवर येतो, आणि पहिली चार घरे मिळून जवळजवळ वीतभर जागा खातात. ‘प्रत्येक पडद्याला एक बोट’ हा नियम पुस्तकात वाचून पहिल्याच दिवशी पंजा ताणणारा दुसऱ्या दिवशी आमटीची वाटी दोन्ही हातांनी धरतो. डबल बेसच्या शिक्षणात फ्रान्झ सिमांडल यांच्या नावाने ओळखली जाणारी जुनी पद्धत खालच्या भागात अनामिका आणि करंगळी एकत्र वापरते, म्हणजे चार घरांऐवजी तीनच घरांचा संसार करते. नवशिक्याने तीच धरावी. तेव्हा गाणे निवडण्याची पहिली कसोटी अशी: डावा हात एकाच मुक्कामी राहतो की मानेवर वर-खाली फेऱ्या मारतो? फेऱ्या मारणारे गाणे पुढच्या वर्षासाठी ठेवावे.

हे वाद्य बहुतेकांच्या वाट्याला येते ते मुळात उरलेले म्हणून. कॉलेजच्या बँडमध्ये गिटारवाले तीन असतात, त्यातल्या ज्याचा आग्रह सर्वांत कमी त्याच्या हाती बेस दिला जातो. ही प्रथा प्रतिष्ठित आहे. १९६१ मध्ये स्टुअर्ट सटक्लिफ बीटल्समधून बाहेर पडला तेव्हा बेस घ्यायला कोणीच उत्सुक नव्हते. तो पॉल मॅकार्टनीच्या गळ्यात पडला. लॉस एंजेलिसची कॅरोल के ही मुळात गिटार वाजवणारी. १९६३ च्या सुमारास एका ध्वनिमुद्रणाला ठरलेला बेसवाला आलाच नाही, म्हणून तिने बेस उचलला आणि पुढे अमेरिकेतल्या सर्वाधिक ध्वनिमुद्रणे केलेल्या बेसवादकांत तिची गणना झाली. हा इतिहास नवशिक्याला सांगावा, म्हणजे आपली निवड झाली नसून नेमणूक झाली आहे याचे दुःख जरा हलके होते.

दुसरी कसोटी कानाची. नवशिक्या मोबाइलवर गाणे लावतो, डोळे मिटतो, आणि बेस काही सापडत नाही. यात कानाचा दोष नाही. मोबाइलच्या नखाएवढ्या स्पीकरला इतके खालचे स्वर हलवताच येत नाहीत. ऐकू येतात ते त्या स्वराचे वरचे पडसाद, आणि मूळ स्वर मेंदू आपल्या पदरचा घालून घेतो. तेव्हा निवडायचे गाणे हेडफोनवर ऐकावे, आणि हेडफोनवरही बेस सापडत नसेल तर ते गाणे खुशाल सोडून द्यावे. जुन्या भावगीतांच्या बाबतीत हेडफोनचाही उपयोग होत नाही. तिथे खर्ज सांभाळायला तबल्याचा डग्गा असतो, आणि डग्ग्याचे काम गिटारवर उतरवणे हे नवशिक्याचे काम नव्हे.

तिसरी कसोटी वेगाची, आणि हिच्यात सगळे फसतात. संथ गाणे सोपे, हा समज सायकल शिकलेल्या माणसाने तरी बाळगू नये. मिनिटाला ५० ठोक्यांच्या गाण्यात दोन ठोक्यांमध्ये जवळजवळ सव्वा सेकंद मोकळा असतो, आणि त्या सव्वा सेकंदात नवशिक्याच्या मनात येणारे विचार कोणत्याही लयीत बसत नाहीत. मिनिटाला ९० ते ११५ ठोके ही खरी सोयीची चाल. माणूस रमतगमत चालतो त्याच्या आसपासची.

चौथी कसोटी पुस्तकांत सापडत नाही: गाणे फार आवडते नसावे. शिकताना ते दोनशे वेळा ऐकावे लागते, त्यातले पहिले दोन स्वर दोन हजार वेळा. लग्न ठरताना वाजलेले, आजोबांच्या आठवणीचे, पहिल्या पावसाचे अशी गाणी या कामाला लावली की महिन्याभरात ती गाणी राहत नाहीत, व्यायाम होतात. मध्यम आवडीचे गाणे घ्यावे. परक्याचे घ्यावे. हरकत नसलेले घ्यावे.

या कसोट्या मनात ठेवून नेहमीच्या यादीकडे पाहता येते. जगात कुठेही बेसचा वर्ग सुरू झाला की पहिले नाव ‘सेव्हन नेशन आर्मी’चे निघते. द व्हाइट स्ट्राइप्स या अमेरिकन जोडीचे हे २००३ चे गाणे. त्याची सात स्वरांची धून फुटबॉलच्या मैदानांवर हजारो लोक एका सुरात, निदान एका आवाजात, म्हणतात. ती सगळी धून ए या एकाच तारेवर निघते: सातवा पडदा, पुन्हा सातवा, दहावा, सातवा, पाचवा, तिसरा, दुसरा. हे एखाद्याच्या फोन नंबरसारखे पाठ होते आणि पहिल्या तासातच वाजते. गंमत एवढीच की त्या गाण्यात बेस गिटार नाही. त्या जोडीत बेसवालाच नव्हता. जॅक व्हाइटने साधी गिटार वाजवून तिचा आवाज पायाजवळच्या पेडलने एक सप्तक खाली ढकलला. म्हणजे बेस शिकणाऱ्यांचे जगातले सर्वांत लोकप्रिय पहिले गाणे बेसवाल्यावाचून पार पडलेले आहे. ही माहिती शिष्याला केव्हा द्यायची याचा निर्णय गुरूने परिस्थिती पाहून घ्यावा.

शिवाय ते वाटते तितके सोपेही नाही. पहिला स्वर लांब, दुसरा आखूड, मधले काही ठोक्यावर न पडता ठोक्याच्या आजूबाजूला पडणारे. नवशिक्या सातही स्वर एकसारख्या अंतराने, नाक्यावरच्या सिग्नलच्या शिस्तीने वाजवतो, आणि समोरच्याला ओळख पटत नाही ती म्हणूनच. पडद्यांचे आकडे बरोबर, गाणे मात्र गायब. हा दोष टॅब नावाच्या लिपीचा. टॅबमध्ये चार तारांच्या चार रेघा आणि त्यांवर पडद्यांचे आकडे असतात. स्वर किती वेळ धरायचा हे सहसा लिहिलेले नसते. एसटीच्या पाटीवर गावांची नावे आहेत पण गाडी कुठे किती थांबते ते नाही, तसे. म्हणून टॅब उघडण्याआधी गाण्याची ओळ तोंडाने ‘डुंम्-डुम’ करून म्हणता आली पाहिजे. तबला शिकणारा बोल आधी तोंडाने म्हणतो आणि मग हाताने काढतो. ही इथली जुनी, बिनखर्चाची पद्धत बेसला तंतोतंत लागू पडते. घरच्यांना ती थोडी विचित्र वाटते, पण पुढे येणाऱ्या आवाजाच्या मानाने फार नाही.

दुसरे नाव यू टू या आयरिश बँडच्या ‘विथ ऑर विदाउट यू’चे, १९८७ चे. डी, ए, बी, जी असे चार स्वर. प्रत्येक स्वर आठ वेळा वाजवायचा आणि पुढच्यावर जायचे, तो संपला की पुढच्यावर, आणि पुन्हा पहिल्यापासून. अ‍ॅडम क्लेटनने गाणेभर जवळपास एवढेच केले. कागदावर पाहणाऱ्याला हे बालवाडीचे काम वाटते. आता हिशेब करावा. मिनिटाला सुमारे ११० ठोके, प्रत्येक ठोक्याला दोन स्वर, गाणे पाच मिनिटांना जरासे कमी: एकूण स्वर हजाराच्या आसपास. जपमाळ १०८ मण्यांची असते. म्हणजे हे गाणे एकदा वाजवणे म्हणजे नऊ-दहा माळा ओढणे. आणि जपाचा जो नेहमीचा अनुभव तोच इथेही येतो. पहिली माळ एकाग्रतेने होते. दुसऱ्या माळेला गॅस बंद केला की नाही ते आठवू लागते. चौथ्या माळेला मन पूर्णपणे ऑफिसात गेलेले असते, आणि परत येते तेव्हा हात जी वर असतो आणि गाणे बी वर. कुठे चुकलो ते कळत नाही, कारण सगळीकडे सारखेच आहे. बेसचे शिक्षण खऱ्या अर्थाने या गाण्यात सुरू होते: थोडेसे काम, फार वेळ, कोणी बघत नसताना.

क्वीनचे ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ (१९८०) हे नवशिक्याला तिसऱ्या आठवड्यात खुणावते. ते बेसवर उभे आहे आणि रचलेही बेसवादक जॉन डीकननेच. सुरुवातीलाच एकाच खालच्या ई स्वराचे तीन ठोके येतात आणि मग जागा मोकळी सुटते. गाण्याचा सगळा दिमाख त्या मोकळ्या जागेत आहे, आणि नवशिक्याची अडचणही. तार वाजवणे सोपे, गप्प करणे अवघड. मोकळ्या तारेवर डावे बोट वेळेवर अलगद टेकवावे लागते, नाहीतर तिसऱ्या ठोक्यानंतर ई तार आपली घुमत राहते, जेवण झाल्यावरही न उठणाऱ्या पाहुण्यासारखी. या गाण्याबद्दल एक वैद्यकीय माहिती जाता जाता द्यायला हरकत नाही. हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबावी लागते, आणि तो वेग लक्षात राहावा म्हणून ‘स्टेइंग अलाइव्ह’ हे गाणे मनात म्हणायला शिकवतात. डीकनचे गाणे वेगाच्या दृष्टीने तितकेच योग्य आहे. शीर्षकाचा अर्थ ‘आणखी एक गेला’ असा होत असल्याने त्याची शिफारस करायला सहसा कोणी धजत नाही.

त्याच डीकनने ‘अंडर प्रेशर’मध्ये (१९८१) बेस वाजवला आहे. त्याची ती प्रसिद्ध ओळ केवळ दोन स्वरांची, डी आणि ए. ही ओळ सुचल्यावर मंडळी जेवायला गेली आणि परत येईपर्यंत डीकन ती विसरला होता, असा किस्सा बँडमधल्यांनी सांगितलेला आहे. पुढे १९९० मध्ये याच ओळीवर एका रॅप गाण्याने जग जिंकले आणि श्रेयावरून वादही झाला. दोन स्वर विसरता येतात आणि दोन स्वरांवरून वकील लावता येतो, या दोन्ही गोष्टी नवशिक्याला धीर देणाऱ्या आहेत.

बेन ई. किंगचे ‘स्टँड बाय मी’ (१९६१) हे मात्र शंका न घेता हाती द्यावे. ते मुळात डबल बेसवर वाजलेले. ओळ गुणगुणण्याजोगी आहे, चार-चार ठोक्यांच्या आठ बारांत पुरी होते आणि गाणेभर तीच फिरत राहते. मराठी कानाला हे आवर्तन फार लवकर बसते, कारण ठेका धरून पुन्हा समेवर येण्याची सवय त्याला भजनापासून आहे. बॉब मार्लीचे ‘थ्री लिटल बर्ड्स’ (१९७७) हेही त्याच पंक्तीतले. त्याचा खालचा भाग अ‍ॅस्टन बॅरेटने वाजवला आहे, स्वर थोडे आणि कुठेही घाई नाही. नाचासाठीच प्रसिद्ध असलेले ‘बिली जीन’ मात्र जपून. लुई जॉन्सनने वाजवलेली आठ स्वरांची ती साखळी पंधरा मिनिटांत येते, पण पावणेपाच मिनिटे एकाही स्वराचा आवाज कमीजास्त न होता वाजवायला वर्ष लागते. शिवाय ऐकणाऱ्याचे लक्ष शेवटी वादकाच्या पायांकडे जाते, आणि तिथे काहीच घडत नसते.

गाणे अजिबात न निवडता सुरुवात करायची असेल तर ब्लूज आहे. चार ठोक्यांचा एक बार, असे बारा बार. ‘बारा बार’ हा शब्द ऐकून घरातल्या वडीलधाऱ्यांच्या चेहऱ्यावर जे येते ते येऊ द्यावे. ए या पट्टीतल्या साध्या ब्लूजला तीनच मूळ स्वर लागतात: ए, डी आणि ई. आता वर दिलेली तारांची नावे पुन्हा पाहावीत. तिन्ही स्वर मोकळ्या तारांवरच आहेत. चार बार ए, दोन बार डी, दोन बार ए, मग ई आणि डी एकेक, शेवटी दोन बार ए. सगळे उजव्या हातानेच होते. डावा हात मोकळा राहतो, त्यात चहाचा कप धरता येतो, आणि समोर गिटारवाला डोळे मिटून, तोंड वेडेवाकडे करून जीव ओतत असताना बेसवाला शांतपणे चहा पितो आहे हे दृश्य रंगमंचावर फार उठून दिसते.

आता सापळे. काही गाणी सोपी दिसतात आणि नसतात. डीप पर्पलचे ‘स्मोक ऑन द वॉटर’ (१९७२) हे गिटारच्या दुकानात शिरणारा प्रत्येक जण वाजवतो, म्हणून बेसवालाही वाजवायला जातो. पण सगळ्यांना माहीत असलेली ती धून गिटारची आहे. बेस नंतर येतो आणि सुरुवातीला बराच वेळ एकच जी स्वर ठोकत राहतो. धून त्याच्याकडे नसली तरी गाण्याचे नाव मात्र बेसवादक रॉजर ग्लोव्हरला सुचलेले आहे, झोपेतून जागे होताना. निर्व्हानाच्या ‘कम अ‍ॅज यू आर’मध्ये सापळा वेगळा. बँडने सगळ्या तारा एक पूर्ण स्वर खाली उतरवल्या होत्या. नवशिक्या आकडे बरोबर वाजवतो आणि सगळे बेसूर येते. तो तारा पुन्हा जुळवतो, मग वाद्य विकत घेतले त्या दुकानदाराला फोन करतो. जेम्स जेमर्सन हा मोटाउन कंपनीचा थोर बेसवादक उजव्या हाताच्या केवळ तर्जनीने वाजवत असे, आणि त्या बोटाला लोक ‘हुक’ म्हणत. हे ऐकून एका बोटाचे काम सोपे असणार अशा समजुतीने ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ (१९७१) उघडणारे पुष्कळ आहेत. दुसऱ्या कडव्यापर्यंत ते दहा बोटांची मोजदाद करू लागतात.

पिंक फ्लॉइडचे ‘मनी’ (१९७३) पाश्चात्त्य पुस्तकांत अवघड म्हणून दिलेले असते, कारण त्यातला बराच भाग सात मात्रांचा आहे. इथे मराठी नवशिक्याला एक जन्मजात सवलत मिळते. सात मात्रा म्हणजे रूपक, आणि रूपक ज्याने आयुष्यात कधीतरी हातावर मोजला आहे त्याला या गाण्यात हरवायला होत नाही. रूपकात सम आणि खाली एकाच मात्रेवर असतात. सर्वांत महत्त्वाची जागा आणि टाळी न मिळणारी जागा एकच, ही सोय बेसवादकाच्या सामाजिक स्थितीशीही जुळते. मात्र गिटारचा एकल भाग सुरू झाला की गाणे चार मात्रांवर जाते. तिथे रूपकाच्या भरवशावर राहणारा माणूस तीन मात्रा हातात घेऊन उभा राहतो आणि त्या ठेवायला जागा सापडत नाही.

हिंदी चित्रपटगीतांबद्दल घरातून आग्रह होतो, आणि तो रास्त आहे. मुंबईच्या ध्वनिमुद्रणांत पाश्चात्त्य वाद्ये वाजवणाऱ्यांत स्वरलिपी वाचता येणाऱ्या गोमंतकीय वादकांचा मोठा भरणा होता. राहुल देव बर्मन यांच्या ताफ्यात टोनी वाझ बेस धरत. चरणजित सिंग हेही चित्रपटसंगीतातले बेस वाजवणारे. त्यांनी १९८२ मध्ये दहा राग सिंथेसायझरवर डिस्कोच्या ठेक्यात बसवून तबकडी काढली आणि ती उचलून धरायला जगाला जवळजवळ तीन दशके लागली. तेव्हा माल उत्तम आहे. अडचण रचनेची आहे. मुखडा दोन कॉर्डांत गोडीने चालतो, मग पहिले इंटरल्यूड येते, आणि त्यात तीस व्हायोलिनवाले अचानक जिना चढू लागतात. बेसवालाही त्यांच्याबरोबर धावतो. अंतऱ्याला सगळे स्थिरस्थावर होते, आणि दुसरे इंटरल्यूड पहिल्यासारखे नसते. नवशिक्याने इंटरल्यूडच्या वेळी पाणी प्यावे आणि मुखड्याला परत यावे. व्याख्येत ‘मध्ये न थांबता’ असे म्हटले असले तरी चित्रपटगीतांना ही सूट द्यावी लागते.

घरच्यांचा मूळ आक्षेप मात्र गाणे कोणते यावर नसतोच. प्रसंग साधारण असा घडतो. मुलगा खोलीत हेडफोन लावून बसलेला आहे. बाहेर ऐकू येते ते बोटांचे तारेवरचे टप-टप, मधूनच पडद्यावर तार घासल्याची खरखर. आई दारातून डोकावते.

“अरे, लावलंयस ना ते? आवाज कुठाय?”

मुलगा हेडफोन काढतो, अ‍ॅम्प सुरू करतो आणि सहा आठवडे घोटलेले ‘स्टँड बाय मी’ शेवटपर्यंत वाजवून दाखवतो. एकही चूक होत नाही.

“छान. आणि गाणं कधी वाजवणार?”

आईचे चुकत नाही. बेसची ओळ ही गाण्याची ओळ नव्हे. ते गाण्याचे जोते आहे, आणि नुसते जोते पाहून बंगला ओळखणारी माणसे थोडी. या क्षणी खचलेला नवशिक्या मोठी चूक करतो: तो गाण्याची चालच बेसवर वाजवू लागतो. सगळ्यांना गाणे ओळखू येते, टाळ्या पडतात, आणि बेस तिथेच संपतो. उरते ती एक फार खालच्या आवाजात बोलणारी गिटार. त्यापेक्षा घरातल्या कोणालातरी गायला लावावे आणि आपण खाली ओळ धरावी. गाण्यात खालून कोणी आधार दिला की काय होते ते गाणाऱ्याला लगेच जाणवते, आणि पाठिंबा आतून मिळू लागतो.

याच न्यायाने महाराष्ट्रात बेसवर वाजवायला सर्वांत सोपी रचना गणपतीची आरती ठरते. तंबोऱ्यासारखा एकच षड्ज खाली धरून ठेवला तरी ती पार पडते, शब्द सर्वांना पाठ, आणि चूक झाली तर झांजा ती झाकतात. पट्टी तेवढी आधी ठरवून घ्यावी. आरतीची सुरुवात करणाऱ्या काकूंनी काळी चार लावली तर बोट ई तारेच्या चौथ्या पडद्यावर ठेवावे, तिथे काळी चारच निघते. काळी चारला चौथा पडदा ही निसर्गाने केलेली सोय समजावी. अडचणी दोनच. मोठ्या आवाजाच्या काकांना ती पट्टी झेपत नाही म्हणून ते दुसऱ्या कडव्यात आपली वेगळी काढतात, आणि लय प्रत्येक कडव्यागणिक वाढत जाते. प्रसादाची ताटली दिसल्यावर तर मेट्रोनोमचा काही उपयोग उरत नाही. मिनिटाला ९० ठोक्यांवर सुरू झालेली आरती शेवटाला कितीवर पोचते हे मोजत बसू नये, पळावे.

गाण्याच्या निवडीत इमारतीलाही मत असते. उंच स्वर भिंतीत अडतात, खालचे फारसे अडत नाहीत. शेजाऱ्याला तानपलटे ऐकू येत नाहीत पण बेस पायांतून कळतो. शिवाय प्रत्येक वस्तूची आपली एक कंपनसंख्या असते. स्वयंपाकघराच्या मांडणीत कुठेतरी एक स्टीलचे झाकण असते, ते नेमके ए तारेच्या तिसऱ्या पडद्याला, म्हणजे पांढरी एकला, झणझणू लागते. इतर कोणत्याही स्वराला ते हूं की चूं करत नाही. झाकण शोधून खाली फडके घातले तर शोकेसमधला काचेचा हंस बोलू लागतो. अशा घरात सी पट्टीतली गाणी निवडू नयेत. तीच गाणी दोन पडदे वर सरकवून डी मध्ये वाजवावीत, हंस गप्प होतो. मूळ तबकडीबरोबर मग वाजवता येत नाही, पण मूळ तबकडी कोणाच्या शोकेसचा विचार करून काढलेली नसते. अ‍ॅम्प न लावता वाजवणे हा उपाय मात्र टाळावा. विद्युत बेसचा उघडा आवाज इतका क्षीण असतो की नवशिक्या तो ऐकू येण्यासाठी तारा ओरबाडू लागतो, आणि ती सवय अ‍ॅम्प लावल्यावरही सुटत नाही.

गाणे ठरले की ते मूळ वेगाच्या तीन-चतुर्थांश वेगाने सुरू करावे. पट्टी न बदलता वेग कमी करणारी साधने आता मोबाइलवर सहज मिळतात. दोन कडवी चुकली तर चुकू द्यावीत, थांबू नये. चुकीचा स्वर ठोक्यावर आला तर दहातल्या आठ जणांना कळत नाही, आणि बरोबर स्वर ठोका सोडून आला तर नाचणारा माणूसही वळून बघतो. चुकल्यावर ‘सॉरी’ म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू करणारे लोक वर्षभरात पन्नास गाण्यांच्या सुरुवाती शिकतात.

गाणे आले की नाही याची परीक्षा वाजवताना बोलता येते का, ही. मॅकार्टनी, स्टिंग किंवा ‘इंडियन ओशन’चे राहुल राम बेस वाजवत गातात ती फार पुढची गोष्ट, नवशिक्याला उत्तर देता आले तरी पुरे. ओळ सुरू असताना स्वयंपाकघरातून प्रश्न यावा, “भाजी कुठली करू रे?” हात थांबला, तर ते गाणे अजून आठवडाभर चालू ठेवावे. “हं?” आले आणि हात चालू राहिला, तर तीन दिवस. आणि ठोका न चुकता, पुढच्या स्वरावर वेळेत पोचून “भेंडी” असे उत्तर गेले, तर त्या दिवशी जेवण झाल्यावर पुढचे गाणे निवडायला बसावे.